लाल झाकणाची बरणी

"लाल झाकण?"

"जळू!"

"काचेला तडा?"

"तारामासा!"

"बुचाला सुतळी?"

"विंचू!"

संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला वसतिगृहाच्या गच्चीवर गेलं की आमची ही उजळणी चालायची. विचारणारी बहुतेक वेळा माझी रूममेट असे. उत्तर देणाऱ्या आम्ही चार-पाच जणी. आमच्या वसतिगृहात कुणी कुणाला नावानं हाक मारत नसे, गावानं मारत असे. ती शिरपूरची म्हणून 'शिरपूर', मी पिंपळनेरकडची म्हणून 'पिंपळनेर'. माझं गाव खरं तर पिंपळनेरच्याही पुढे, डोंगराच्या अंगाला आहे. पण तेवढं लांबलचक नाव घेऊन कोण हाक मारणार!

धुळ्याच्या कॉलेजात आम्ही दोघी लाइफ सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो. या कोर्सला प्राणी, वनस्पती, पेशी, आनुवंशिकता, सूक्ष्मजीव, शरीरक्रिया, पर्यावरण असं सगळंच असे. वर्षाच्या शेवटी या सगळ्यांची मिळून एक प्रात्यक्षिक परीक्षा होई. तिच्यातला धडकी भरवणारा भाग म्हणजे स्पॉटिंग. एका हॉलमध्ये टेबलं मांडलेली असत. कुठे बरणीत प्राणी, कुठे सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी, कुठे हाड, कुठे जिवाणूंची बशी, कुठे एखाद्या घराण्याच्या रोगाचा वंशवृक्ष. टेबलापुढे उभं राहायचं, समोरची वस्तू ओळखायची, ओळखीची कारणं लिहायची. घंटा वाजली की अर्धं वाक्य तसंच सोडून पुढच्या टेबलाकडे सरकायचं. मागे फिरता येत नसे.

आमच्या लॅबमधल्या बरण्या फार जुन्या होत्या. फॉर्मलीनमध्ये राहून राहून आतल्या सगळ्या जिवांचा रंग उडून गेला होता. जळू पांढरी, गोम पांढरी, मासा पांढरा. पहिल्या वर्षी मॅडमनी त्या दाखवल्या तेव्हा मला एकीतलंही काही वेगळं दिसेना. तेव्हा वरच्या वर्गातल्या मुलींनी बाजूला घेऊन सांगितलं, "आत काय बघतेस? वरून बघ." लाल प्लॅस्टिकचं झाकण फक्त जळूच्या बरणीला होतं. मक्याच्या खोडाच्या काचपट्टीवर कोपऱ्यात निळ्या शाईचा ठिपका होता. सशाच्या खांद्याच्या हाडाचं टोक मोडलेलं होतं. रक्त न गोठण्याच्या रोगाचा वंशवृक्ष ज्या कार्डशीटवर काढला होता, त्यावर तेलाचा डाग पडलेला होता. तेच सामान दर वर्षी परीक्षेला मांडलं जाई. त्यामुळे या खुणा एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे तोंडी चालत आल्या होत्या. कारणंसुद्धा पाठच असत. लाल झाकण दिसलं की 'हिरुडिनेरिया' हे नाव लिहायचं आणि खाली चार ओळी उतरवायच्या. त्या ओळींतलं बरणीत खरंच काही दिसतं का, हे तपासायला कुणी वाकत नसे.

याला आम्ही लबाडी समजत नव्हतो. अभ्यास असाच करतात असं आम्हाला वाटे. दहावीपर्यंत माझ्या शाळेत प्रयोगाचं कपाट होतं, पण त्याची किल्ली मुख्याध्यापकांकडे असे आणि मुख्याध्यापक बहुतेक वेळा साक्रीला मीटिंगला गेलेले असत. परीक्षानळी मी प्रथम हातात घेतली ती अकरावीत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीही झालेलं नव्हतं. आबा गवंडीकाम करतात. प्लॅस्टरवर त्यांचा हात असा फिरतो की भिंतीकडे बघत राहावं. माय अंगणवाडीत मदतनीस आहे. मुलीनं कॉलेजात नेमकं काय शिकायचं असतं हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं. त्यांनी मला शिकायला पाठवलं, एवढंच. त्या 'एवढंच'चे माझ्यावर किती उपकार आहेत हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

पण शिकायला राहायचं कुठे? सगळा प्रश्न तिथेच होता. गावाहून धुळ्याला रोज ये-जा करणं शक्य नव्हतं आणि खोली भाड्यानं घेणं तर आमच्या बोलण्यातही येत नसे. सरकारी वसतिगृहात मला पलंग मिळाला म्हणून मी कॉलेजात होते. आणि पलंगाचा नियम साधा होता. सगळ्या विषयांत पास असाल तर पुढच्या वर्षी पलंग तुमचा. एक जरी विषय राहिला तरी नाव यादीतून गळालं. आदल्या वर्षी समोरच्या खोलीतल्या मुलीचं तसं झालं होतं. तिचे वडील पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन जिना उतरत होते आणि ती मागून बादली आणि केरसुणी घेऊन जात होती. केरसुणी कशाला नेतेय असं कुणीतरी विचारलं तर म्हणाली, "आमची आहे." ती परत कॉलेजात दिसली नाही. दुसऱ्या वर्षी पुस्तक उघडलं की मला ती केरसुणी आठवे.

लेखी परीक्षेचं मला फार भय नव्हतं. वाचून वाचून मी तेवढं तयार करत असे. प्रात्यक्षिकाचं होतं. पण खुणा पाठ होत्या, म्हणून धीर होता.

परीक्षा तोंडावर आली आणि आमच्या लॅबच्या छताचा एक पोपडा खाली पडला. सुदैवानं खाली कुणी नव्हतं. दुरुस्तीचं काम काढलं, सामान खोक्यांत बांधून गोदामात गेलं, आणि फलकावर सूचना लागली की या वर्षीची प्रात्यक्षिक परीक्षा जळगावच्या कॉलेजात होईल.

शिरपूरनं ती सूचना दोनदा वाचली. मग माझा दंड धरून म्हणाली, "पिंपळनेर, त्यांच्या जळूला कोणतं झाकण असेल वं?"

आम्ही हसलो. पण जिना चढताना मी त्या खुणा परत म्हणून पाहिल्या, आणि त्यांतली एकही आता उपयोगाची नव्हती.

शिरपूरची एक मावसबहीण जळगावलाच शिकत होती. तिला फोन लावला. तिथल्या बरण्यांच्या काही खुणा सांग म्हटलं. ती म्हणाली, "खुणा कसल्या? आमच्याकडे प्रत्येक बरणीवर लेबल आहे."

"मग परीक्षेत?"

"परीक्षेत लेबलं काढून ठेवतात."

"आणि झाकणं?"

"झाकणांचं काय?" ती म्हणाली. तिला आमचा प्रश्नच कळला नाही.

शेवटी आम्ही आमच्या मॅडमकडे गेलो. मॅडम नंदुरबारच्या, आवाज लहान, पण वर्गात कुणी हलत नसे. त्यांच्यापुढे झाकणांचं बोलायला जीभ रेटेना. शिरपूर म्हणाली, "मॅडम, तिथल्या बरण्या आम्ही पाहिलेल्या नाहीत."

"इथल्या पाहिल्यात ना?" मॅडम म्हणाल्या. "जीव तेच आहेत."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. त्यावरून मॅडमना काय ते कळलं असावं. रागावल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "गोदामातली खोकी मी आता उघडू शकत नाही. पुस्तकातली चित्रं बघा. बघा म्हणतेय मी, पाठ करा म्हणत नाही."

चित्रं बघितली. पुस्तकातली जळू काळ्या रेघांची, तिच्या अंगातून बाण निघालेले, प्रत्येक बाणापुढे नाव. बरणीतल्या पांढऱ्या वस्तूशी तिचं काही नातं आहे असं वाटेना. शिरपूर रोज संध्याकाळी गच्चीवर जाई खरी, पण विचारायला तिच्याजवळही काही उरलं नव्हतं.

त्यात आबांचा फोन आला.

"काय वं बाई, परीक्षा कव्हय शे?"

"पुढच्या आठवड्यात, आबा. जळगावले शे."

"जळगावले? तठे काबरं?"

"आठली लॅब बंद शे. छतनं काम चालू शे."

छताचं नाव काढल्यावर आबा तिकडेच वळले. कुणी केलं होतं, सिमेंट कसं होतं, पाणी मारलं होतं की नव्हतं. मग आवाज बदलून म्हणाले, "पास व्हशी ना? मी बुद्धविहारमा बठ्ठा लोकसले सांगी ठेवेल शे. आपली पोर ग्रॅज्युएट व्हई ऱ्हायनी म्हनीसन."

"आबा, अजून एक वरीस बाकी शे."

"ते व्हईच ना."

मी "हो" म्हटलं. आपण ज्याला हो म्हटलं ते आपल्या हातात नाही, एवढंच मला कळत होतं.

जळगावला आम्ही आदल्या दिवशी निघालो. एस.टी.त शिरपूर खिडकीशी बसली. पारोळा येईपर्यंत ती पुटपुटत होती. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा एकदम पुटपुटायची थांबली आणि म्हणाली, "मला काहीच येत नाही वं." मी म्हटलं, "मला तरी कुठे येतं?" त्यानं तिला जरा बरं वाटलेलं दिसलं. मला वाटलं नाही.

जळगावातल्या मेहरूण भागात शिरपूरच्या आत्याचं घर होतं. तिथे मुक्काम केला. आत्यानं ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर आणि ठेचा वाढला. आमची तोंडं बघून तिला वाटलं, भाकर आवडली नाही. शिरपूरनं सांगितलं की उद्या टेबलावर काय ठेवतील ते ओळखायचं आहे आणि आम्हाला ओळखता येत नाही.

तेवढ्यात ट्यूबलाइटमागून पाल बाहेर आली. शिरपूर सवयीनं म्हणाली, "स्पॉट नंबर एक."

मी म्हटलं, "बोटांखाली पट्ट्या. भिंतीला चिकटते. शेपूट तुटून परत येते."

मग आम्हाला चेवच आला. कोथिंबिरीचं पान जाळीदार शिरांचं, गवती चहाचं समांतर. शिळ्या भाकरीच्या टोपलीत तळाशी राहिलेल्या तुकड्यावर बुरशी होती, तीही आम्ही उजेडात धरून बघितली. आत्या भांडी आवरता आवरता थांबली.

"काय वं, मन्हा घरनी परीक्षा लई ऱ्हायन्या का तुम्ही? ते टाकी दे बाहेर!"

"थांब ना आत्या, बुरशी बघतोय."

"बुरशी मन्हा घरनी, नाव मन्हं खराब. आनि त्या पालले बी आते इंग्रजी नाव देतस का?"

त्या दिवसांत मी मनापासून हसले असेन ते तेव्हाच. अंथरुणावर पडल्यावर मात्र परत केरसुणी आठवली.

परीक्षेचा हॉल मोठा होता. खिडक्यांना निळे पडदे, टेबलांवर पांढरा कागद अंथरलेला. सगळं आमच्या लॅबपेक्षा नवं आणि स्वच्छ, आणि त्यामुळेच जास्त परकं. मी दारातूनच टेबलांवरून नजर फिरवली. बरण्यांची झाकणं रंगीबेरंगी होती. काळी, पांढरी, निळी. आणि मधल्या एका टेबलावर लाल.

माझ्यामागून शिरपूरनं मला बोटानं टोचलं. तिनंही ते पाहिलं होतं.

पहिल्या टेबलावर रक्ताची काचपट्टी होती. पांढऱ्या पेशींतली बाणानं दाखवलेली कोणती, ते ओळखायचं. खूण नव्हतीच, तेव्हा बघावंच लागलं. केंद्रकाचे तुकडे झालेले दिसले, लिहिलं. दुसऱ्यावर वंशवृक्ष होता, कोऱ्या कागदावर छापलेला, तेलाचा डाग वगैरे काही नाही. चौकोन म्हणजे मुलगे, गोल म्हणजे मुली, काळे केलेले म्हणजे आजारी. मी बोट ठेवून एकेक पिढी उतरत गेले. आजारी सगळे मुलगेच आणि रोग आईच्या बाजूनं आलेला. तसं लिहिलं. पुढे जिवाणूंची बशी, औषधाच्या चकतीभोवती स्वच्छ गोल. त्यानंतर पाण्याचा गढूळपणा मोजायची काळी-पांढरी तबकडी. मग घंटा वाजली आणि लाल झाकणाच्या बरणीपुढे मी उभी राहिले.

इथे तरी आत बघायची गरज नव्हती. लिहायला लागले. हिरुडिनेरिया. खाली पाठ असलेली पहिली ओळ, दोन्ही टोकांना चूषक. दुसरी ओळ लिहायला घेतली तेव्हा पेनची शाई नीट उतरेना म्हणून मी पेन झटकलं, आणि झटकताना माझी नजर बरणीच्या आत गेली.

आतल्या प्राण्याला दोन्ही बाजूंनी पाय होते.

पाय म्हणजे अगदी पाय नाहीत. अंगाच्या प्रत्येक वळीला दोन्हीकडे लहान लहान झालर असल्यासारखं काही होतं. फणीच्या दातांसारखं. मी वाकले. माझं कपाळ काचेला लागेल इतकी वाकले.

जळू मला माहीत होती. लॅबमध्ये यायच्या कितीतरी आधीपासून. पावसाळ्यात म्हशी डबक्यात बसून आल्या की त्यांच्या मांडीला, आचळाजवळ जळवा चिकटलेल्या असत. माय मीठ चोळी, मग त्या सुटत. एक टोक सुटलं तरी जळू दुसरं धरून ठेवायची. बोटाला गुळगुळीत लागे. तिला पाय असते तर ती म्हशीच्या अंगावर अशी एका टोकानं लोंबलीच नसती. हे सगळं मला ठाऊक होतं आणि दोन वर्षं लाल झाकणाच्या बरणीपुढे उभी राहून मला एकदाही म्हैस आठवली नव्हती.

मी लिहिलेलं खोडलं. खोडताना कागद जरा फाटला. मग हे काय आहे? पुस्तकातली काळ्या रेघांची चित्रं एकेक डोळ्यांपुढे आणली. वळ्यावळ्यांचं अंग, बाजूला झालर, डोक्याला मिशा. समुद्रातला किडा. ज्या समुद्राचं आमच्या घरात कुणी तोंडही पाहिलेलं नाही, त्यातला. नेरीस. लिहिलं, आणि कारणांत पाठ ओळी न लिहिता जे दिसत होतं ते लिहायला लागले. घंटा वाजली तेव्हा माझं वाक्य अर्धंच होतं.

पुढच्या टेबलांवर बरणी आली की मी डावा हात कपाळाशी आडवा धरायला लागले, झाकण दिसू नये म्हणून. पर्यवेक्षक जवळ आले. "डोकं दुखतंय का?"

"नाही सर."

"मग सलाम कुणाला करताय?"

मागची मुलगी हसली. मी हात खाली घेतला नाही.

लाल झाकणापुढे आता शिरपूर उभी होती. ती भराभर लिहीत होती. तिच्या चेहऱ्यावर एस.टी.त नव्हता तो निर्धास्तपणा होता. मला ओरडावंसं वाटलं. खोकावं, काहीतरी पाडावं असंही वाटलं. पण पर्यवेक्षक माझ्याकडेच बघत होते आणि माझ्या टेबलावर एक हाड वाट बघत होतं. मी हाडाकडे वळले. दर घंटेला वाटे, आता तरी तिनं बरणीच्या आत बघितलं असेल.

स्पॉटिंगनंतर तोंडी परीक्षा. आत जळगावचे एक वयस्क सर आणि बाजूला आमच्या मॅडम बसल्या होत्या. सरांनी माझा पेपर उघडला आणि फाटलेल्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे आधी जळू लिहिलंत. मग खोडलंत. का?"

मॅडम खाली बघत होत्या. खोटं सुचत नव्हतं, सुचलं असतं तर कदाचित बोललेही असते.

"सर, झाकण लाल होतं."

"म्हणजे?"

"आमच्याकडे लाल झाकणात जळू असते."

सर मॅडमकडे वळून म्हणाले, "आमच्या कॉलेजात जळूच्या बरणीला झाकणच नव्हतं. फडकं बांधलेलं असायचं. मला वाटतं, माझ्या वर्गातले निम्मे लोक फडक्यावर पास झाले." मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांचे खांदे जरा सैल झाले.

"बरं, खोडलंत का ते सांगा."

मी म्हशीचं सांगितलं. मीठ चोळायचं सांगितलं. सांगता सांगता मी हातानं जळू सोडवून दाखवते आहे हे मला मागाहून कळलं.

"सोडवल्यावर जखमेचं काय होतं?"

"रक्त वाहतं सर. पुष्कळ वेळ वाहतं."

"एवढीशी जखम. का थांबत नाही?"

"जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं."

"माणसाचं रक्त गोठत नसेल तर? लाळेशिवाय, जन्मापासूनच?"

तेलाचा डाग माझ्या डोळ्यांपुढे आला आणि गेला. मी बाहेरच्या वंशवृक्षाबद्दल सांगितलं. मुलग्यांनाच का, ते सांगितलं. आईचं एक गुणसूत्र मुलाकडे जातं आणि त्याला झाकायला दुसरं नसतं, असं काहीतरी मी माझ्या शब्दांत म्हटलं. सर पेशीवर गेले, पेशीतून प्रथिनावर गेले, परत जळूवर आले. कुठल्या विषयाची सीमा कुठे संपली ते मला कळेना. काही प्रश्नांना मी अडखळले. दोन-तीन पार चुकले असणार.

शेवटी म्हणाले, "जळू एकदा पोटभर रक्त प्यायली की महिने न् महिने काढते. पोटात ते रक्त कुजत कसं नाही?"

मी विचार केला. पुस्तकाचं पान आठवून पाहिलं, म्हैस आठवून पाहिली.

"माहीत नाही, सर."

हे शब्द परीक्षेत मी कधी उच्चारले नव्हते. त्याआधी काहीतरी ठोकून देत असे. सर म्हणाले, "शोधा. सूक्ष्मजीवांच्या पुस्तकात बघा." आणि पेपर मिटला. चेहऱ्यावरून मला काहीच कळलं नाही.

बाहेर पायरीवर शिरपूर शेंगदाणे खात बसली होती. मला बघून उठलीच. "लाल झाकण आलं ना वं! मी डोळे मिटून लिहिलं!"

मी तिच्या शेजारी बसले. सांगावं की नाही? सांगून काही बदलणार नव्हतं. पण निकालाच्या दिवशी एकटीनं कळण्यापेक्षा आता दोघींत कळलेलं बरं, असं मला वाटलं.

"आत पाय होते," मी म्हटलं.

"कशाला?"

"लाल झाकणातल्याला."

ती शेंगदाणा हातात धरून बसली. मग म्हणाली, "आणि निळ्या झाकणात? ते कोण होतं?"

मी सांगितलं. तिनं पुढचं विचारलं नाही. परतीच्या एस.टी.त तिनं मला खिडकी दिली.

निकाल लागला तेव्हा मी पास होते. प्रात्यक्षिकात गुण बेताचेच होते, पण पास. शिरपूरचा विषय राहिला. आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणींचा राहिला. तिला तिसऱ्या वर्षात बसता येत होतं, पलंग मात्र गेला.

तिचे वडील, नाना, पेटी न्यायला आले. तिनं पेटी दिली. बादली दिली. स्वतः मात्र गेली नाही. नानांना म्हणाली, "मैत्रिणीकडे राहते." मैत्रिणीकडे म्हणजे माझ्या पलंगावर. यादीत नाव नसताना दुसरीच्या पलंगावर राहणाऱ्या मुलीला आमच्या वसतिगृहात 'पॅरासाइट' म्हणतात. आम्ही लाइफ सायन्सवाल्या, त्यामुळे बाकीच्या मुलींनी तर हा शब्द पुरवून पुरवून वापरला. "पिंपळनेर, तुझा परजीवी जेवला का?" शिरपूर म्हणे, "यजमान अशक्त आहे, आधी त्याला वाढा."

हसत होतो, पण जीव थाऱ्यावर नसे. पकडली गेली तर तिच्याबरोबर माझाही पलंग जाणार होता. व्हरांड्यात चपलांचा आवाज आला की ती पलंगाखाली आणि मी वर पुस्तक घेऊन. आमच्या गृहपाल बाई, ज्यांना सगळ्या अक्का म्हणत, एकदा अचानक आत आल्या. इकडेतिकडे बघितलं. "एका पलंगावर दोन उशा?"

"मान दुखते, अक्का."

"हं," अक्का म्हणाल्या. "सांभाळ मानेला," आणि गेल्या. पलंगाखालून शिरपूरचा श्वास मला ऐकू येत होता.

तोवर छताचं काम संपलं होतं. मॅडमनी खोकी उघडली आणि कॉलेज सुटल्यावर विषय राहिलेल्यांना लॅबमध्ये बोलावलं. मीही जात असे. पहिल्याच दिवशी मॅडमनी सगळी झाकणं काढून एका टोपलीत टाकली. लाल, काळी, सुतळीची, सगळी. फॉर्मलीननं डोळे झोंबत होते. आम्ही नाकाला रुमाल बांधून बरण्यांवर वाकलो होतो. पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं दारातून बघितलं आणि घाबरून विचारलं, "आता ओळखायचं कसं?" शिरपूर रुमालाआडून म्हणाली, "मलाही हेच विचारायचंय. ये, बस."

तिची फेरपरीक्षा धुळ्यालाच झाली. मी बाहेर बाकावर बसले होते. स्वतःच्या परीक्षेला मी एवढी घाबरले नव्हते. आतून घंटा ऐकू येई. प्रत्येक घंटेला वाटे, आता ती कुठल्या टेबलावर असेल, वाकून बघत असेल की भराभर लिहीत असेल. आपण तिला काय शिकवलं, काय राहिलं, ते आठवत बसले. जळूच्या पोटातलं रक्त का कुजत नाही ते मी शोधलं होतं. तिथे राहणारे जिवाणू ते कुजू देत नाहीत. हे तिला सांगितलं होतं की नाही, तेच आठवेना.

ती बाहेर आली ती डोळे चोळत.

"लाल झाकण होतं का?" मी विचारलं.

ती थांबली. आठवायचा प्रयत्न केला. "अगं, बघितलंच नाही."

निकाल यायला वेळ लागला आणि तो सगळा वेळ पलंगाखाली-वर करण्यात गेला. निकाल आला, शिरपूर सुटली, आणि त्याच दिवशी अक्का आमच्या दारात उभ्या राहिल्या. आत यायच्या आधीच म्हणाल्या, "ती खालची आहे ना, तिला म्हणावं बाहेर ये. पुन्हा प्रवेशाचा अर्ज केला असेल तर पलीकडच्या खोलीत एक पलंग रिकामा झालाय."

शिरपूर पलंगाखालून बाहेर आली. केसांना कोळ्याचं जाळं लागलेलं होतं. अक्कांनी ते तिच्या केसांतून काढलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुझी मान बरी झाली असेल तर एक उशी तिला देऊन टाक."